निवडुंगाच्या माळावरचे गाव
(लक्ष्मणराव किर्लोस्कर : १८६९-१९५६)



या पानावर आपण बहुधा संतांची चरित्रे वाचतो. आज ज्यांच्याविषयी लिहीत आहोत ते संत नव्हते आणि आपल्या धर्माचेही नव्हते. ते कारखानदार होते. नांगर, कडबा कापण्याची यंत्रे आणि पंप विकून त्यांनी पैसा मिळवला. तरीही त्यांचे चरित्र या पानावर यावे असे आम्हांला बरेच दिवस वाटत होते. आपल्या धर्मग्रामातील तरुण आता नोकरीच्या रांगेत उभे राहून कंटाळले आहेत. कोणी पोल्ट्री काढतो, कोणी डाळिंबाची बाग लावतो, कोणी गलाईच्या धंद्यात नातेवाइकांमागे परराज्यात जातो. धंदा म्हटला की थोडे खोटे, थोडी फसवाफसवी आलीच, असे ही मुले धरून चालतात. घरची वडीलधारी माणसेही त्यांना तसेच सांगतात. या समजुतीला उत्तर द्यायचे तर एखाद्या माणसाचे आयुष्यच पुढे ठेवलेले बरे.

शिवाय हे चरित्र आपल्याला परके नाही. माणदेशातले आटपाडी आणि कृष्णाकाठाजवळचे कुंडल ही दोन्ही गावे एकेकाळी एकाच औंध संस्थानात होती. औंधचे राज्य असे तुकड्यातुकड्यांत पसरलेले होते. चार तालुके आणि सगळी मिळून बहात्तर गावे. त्यांपैकी कुंडलच्या बाजूचा एक ओसाड माळ पुढे किर्लोस्करवाडी झाला.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. वडील वेदान्ताचे अभ्यासक. मुलाने चार पुस्तके शिकून सरकारी नोकरी धरावी, अशी त्या काळच्या कोणत्याही ब्राह्मण घरातील अपेक्षा. मुलाचे लक्ष मात्र चित्रांकडे आणि यंत्रांकडे. शाळेत तो रमला नाही. वडिलांची इच्छा नसताना थोरले बंधू रामचंद्रपंत, म्हणजे रामूअण्णा, यांनी पैशाची बाजू सांभाळली आणि १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईला जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. थोरल्या भावाने धाकट्याच्या वेगळ्या वाटेसाठी खिशात हात घातला नसता, तर पुढचे काहीच घडले नसते. चरित्रे लिहिताना अशा माणसांना एका ओळीत आटोपण्याची आपल्याला सवय आहे. रामूअण्णा पुढे पुन्हा भेटतील.

कलाशाळेत एक धक्का बसला. लक्ष्मणरावांना काही रंग ओळखू येत नव्हते. डोळ्यांचा हा दोष बरा होणारा नव्हता आणि रंग कळत नसेल तर चित्रकार होणे नाही. त्या वयाच्या मुलाला हे ऐकून घरी परत जावेसे वाटले तर नवल नाही. त्यांनी रंग सोडले आणि रेषा धरली. यांत्रिक आरेखन, म्हणजे यंत्रांची चित्रे काढणे, हा विषय त्यांनी घेतला. त्याच बळावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. तेथे यंत्रशाळा हाताशी होती. यंत्रे उघडायची, जोडायची, इंग्रजी पुस्तके वाचायची, असे त्यांचे खरे शिक्षण तेथे झाले. हाताला काम देत देत माणूस घडतो, हे ऍरिस्टॉटलने फार पूर्वी सांगून ठेवले आहे. आम्ही ते सेमिनरीत पुस्तकातून शिकलो, लक्ष्मणराव लेथवर शिकले.

नोकरी चालू असतानाच, १८८८ साली, दोघा भावांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत, रामूअण्णा त्या विकीत आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवीत. किर्लोस्कर ब्रदर्स हे नाव तेव्हापासूनचे. पुढे मुंबईच्या नोकरीत बढतीची वेळ आली, तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला देण्यात आली. त्यांनी तक्रारअर्ज लिहीत बसण्यापेक्षा राजीनामा दिला आणि बेळगाव गाठले.

बेळगावात त्यांनी प्रथम कडबा कापण्याचे यंत्र बनवले. आपल्या भागात याचे महत्त्व सांगायला नको. अख्खा कडबा जनावरासमोर टाकला तर ते पाने खाते आणि बुडखे तुडवते. कापून घातला तर तोच कडबा जास्त दिवस पुरतो. नवे काही पिकवले नाही, आहे ते वाया जाऊ दिले नाही, एवढेच. दुष्काळी मुलखात असे यंत्र म्हणजे एखाद्या महिन्याचा चाराच. २०१२-१३ साली आपल्याकडे चारा छावण्यांत जनावरे घेऊन महिनोन्महिने राहिलेल्या कुटुंबांना हे आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

त्यानंतर आला लोखंडी नांगर. तोवर आपल्या शेतात लाकडी नांगर चालत असे, फक्त फाळ लोखंडाचा. तो जमीन चिरत जाई, उलटवत नसे. हरळीची मुळे तशीच राहत. परदेशी लोखंडी नांगर माती उलटवून टाकी, पण तो महाग आणि आपल्या बैलजोडीला, आपल्या जमिनीला बेतलेला नसे. लक्ष्मणरावांनी तो नमुना पुढे ठेवून इकडच्या शेतकऱ्याला पेलेल असा नांगर ओतला. आणि तो कोणी घेईना. लोखंडामुळे जमिनीत विष भिनते, अशी समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली.

या ठिकाणी शेतकऱ्यांच्या अडाणीपणावर हसण्याची पद्धत आहे. आम्हांला ते पटत नाही. तो काळ आठवा. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ नुकतेच होऊन गेले होते, त्यात प्लेगची साथ. ज्याच्याकडे एकच शेत आणि एकच हंगाम आहे, तो माणूस अनोळखी वस्तूवर आपली जमीन पणाला लावत नाही. त्यात अज्ञान आहे तसे शहाणपणही आहे. लक्ष्मणरावांनी ते ओळखले असावे, कारण ते शेतकऱ्यांवर चिडले नाहीत, आणि नांगर सोडून दुसऱ्या सोप्या मालाकडेही वळले नाहीत. कर्ज होते, कामगारांचे पगार होते आणि गोदामात न विकलेले नांगर पडून होते. धंद्यातील प्रामाणिकपणाची परीक्षा अशा वेळी होते. गल्ला भरलेला असताना प्रामाणिक राहायला फारसे लागत नाही.

विक्रीला जरा गती आली तोच बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला सांगितली. दुसरी जागा नाही, पैसा नाही. अशा वेळी औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. हे राजेसाहेब १९०९ साली गादीवर आले होते. ते स्वतः चित्रकार, आणि पुढे सूर्यनमस्कारांचे प्रचारक म्हणून नावाजले. रंग न दिसल्यामुळे ज्याचे चित्रकार होणे राहिले त्या माणसाला चित्रकार राजा भेटावा, हा योग आम्हांला मोठा गमतीचा वाटतो. राजांनी दहा हजार रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले आणि आपल्या राज्यातील जागा देऊ केली. लक्ष्मणरावांनी कुंडलरोड स्टेशनजवळचा बत्तीस एकरांचा माळ निवडला. रेल्वे जवळ असल्याने कच्चा माल उतरवणे आणि नांगर पाठवणे सोयीचे होते. बाकी तेथे पाहण्यासारखे म्हणजे निवडुंग आणि साप.

१० मार्च १९१० रोजी तेथे वस्ती सुरू झाली. पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे. निवडुंग तोडायचा, शेड उभारायची, पाण्याची सोय करायची, आणि ते करता करता नांगरही ओतायचे.

या सुरुवातीच्या मंडळींकडे जरा निरखून पाहण्यासारखे आहे, कारण नेतृत्व म्हणजे काय हे आम्हांला येथे जास्त कळते. आज एखादी कंपनी माणसे घेताना पदव्या तपासते. किर्लोस्करवाडीत पदवीवाला शोधूनही सापडला नसता. रामूअण्णा गावाचे आखणीकार झाले. रस्ते, घरे, झाडे, स्वच्छता ही सारी त्यांची जबाबदारी. मंगेशराव रेगे कारकून होते, तेच हिशेबनीस, तेच पत्रव्यवहार पाहणारे. शंभूराव जांभेकर भट्टीवर काम करीत, बिघडलेले यंत्र दुरुस्त करीत आणि आजाऱ्याला औषधही देत. अनंतराव फळणीकर यांनी शिक्षण अर्धवट सोडलेले होते. ते पुढे कल्पक इंजिनियर म्हणून ओळखले गेले. शाळेत न रमलेल्या लक्ष्मणरावांना अशा मुलांची पारख असणे साहजिक होते. पण पारख असणे वेगळे आणि विश्वास टाकून काम सोपवणे वेगळे. आपल्या घरातसुद्धा मुलगा पंचविशीचा झाला तरी दुकानाची किल्ली त्याच्या हाती द्यायला बाप तयार होत नाही.

आणि रात्रीचे पहारेकरी? ज्यांनी गुन्ह्यांसाठी तुरुंग भोगला होता, अशा माणसांवर लक्ष्मणरावांनी कारखान्याची राखण सोपवली. आसपासच्या गावांतील लोकांना हे वेडेपणाचे वाटले असेल. ती माणसे विश्वासाला उतरली. हे लक्ष्मणरावांचे धाडस खरे, पण ते डोळे झाकून केलेले नव्हते. ज्याला कोणी दाराशी उभे करीत नाही त्याला काम, पगार आणि राहायला जागा दिली, तर त्याला गमावण्यासारखे काहीतरी मिळते, हा हिशेब त्यामागे होता. याच औंध संस्थानात, आपल्या आटपाडीजवळ, १९३९ साली स्वतंत्रपूर ही खुली कैदी वसाहत सुरू झाली. मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या इंजिनियरची ती कल्पना आणि राजेसाहेबांचा तिला पाठिंबा. कैद्यांनी भिंतीशिवाय राहावे, शेती करावी, बायकामुलांना सोबत ठेवावे. 'दो आँखें बारह हाथ' हा १९५७ चा शांतारामबापूंचा चित्रपट त्यावरूनच सुचला, आणि त्याची कथा माडगूळच्या ग. दि. माडगूळकरांची. किर्लोस्करवाडीचे पहारेकरी आणि स्वतंत्रपूर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण एकाच लहानशा राज्यात एका पिढीच्या अंतराने दोन्ही घडल्या हे माणदेशी माणसाने विसरू नये.

लक्ष्मणरावांनी आपल्या गावात अस्पृश्यता पाळायला बंदी केली. आज हे वाक्य आपण सहज वाचून पुढे जातो. त्या काळी गावचा पाणवठा वेगळा, वस्ती वेगळी, देवळाचे दार बंद. भट्टीसमोर सगळे एकाच घामाने भिजतात, तेथे विटाळ चालवला तर काम चालत नाही, हे कारखानदाराला लवकर कळते, असे कोणी म्हणेल. खरे असेल. पण इतर अनेक कारखानदारांना ते कळूनही त्यांनी पाण्याचे माठ वेगळेच ठेवले होते. आणि आपण तरी कोणत्या तोंडाने बोलावे? आपल्या काही ख्रिस्ती गावांतही सोयरीक जुळवताना कोण कोणत्या वाड्यातून आले, हे अजून हळूच विचारले जाते.

एका गोष्टीविषयी मात्र आमचे मत थोडे सावध आहे. घर मालकाचे, दुकान मालकाचे, शाळा मालकाची आणि नोकरीही मालकाचीच, अशा गावात मालक सज्जन असेल तर रामराज्य. पण उद्या तो बदलला तर कामगार कुठे जाईल? पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली, म्हणजे साधारण लक्ष्मणराव मुंबईत तरुण शिक्षक होते त्या काळात, कामगारांच्या प्रश्नावर जे परिपत्रक काढले, त्यात न्याय्य मजुरीबरोबर कामगारांना संघटित होण्याचा हक्कही मान्य केला होता. एका माणसाच्या चांगुलपणावर शेकडो घरांचे भवितव्य टांगून ठेवता येत नाही. लक्ष्मणरावांचा मोठेपणा सांगताना हे बाजूला सारू नये. त्यांच्या गावाने माणसांना मानाने वागवले ही गोष्ट त्यामुळे लहान होत नाही.

पहिले महायुद्ध सुरू झाले आणि परदेशातून येणारे कच्चे लोखंड बंद झाले. कोळसाही मिळेना. लोखंड नाही तर नांगर नाही, नांगर नाही तर पगार नाही. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पन्हाळगडावरच्या जुन्या तोफा देऊ केल्या. त्या फोडून, वितळवून त्यांचे नांगर ओतले गेले. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात तलवारींचे फाळ होण्याचे जे स्वप्न आहे, ते आपण दर आगमनकाळात ऐकतो आणि दूरच्या युगातील म्हणून सोडून देतो. येथे ते आपल्या शेजारच्या जिल्ह्यात, एका टंचाईतून मार्ग काढताना, कोणताही गाजावाजा न करता घडून गेले. जुने लोखंड पुन्हा वापरणे याला हल्ली मोठमोठी नावे आहेत. त्या वेळी ती गरज होती.

युद्धानंतर धंदा वाढला. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी 'किर्लोस्कर खबर' हे मासिक सुरू केले. मालाची माहिती देणारे ते पत्रक बघता बघता मराठी घराघरांतले 'किर्लोस्कर' मासिक झाले. पुढे १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर'. नांगराच्या कारखान्यातून स्त्रियांच्या शिक्षणाची चर्चा करणारे मासिक निघावे, हे जगात फारसे कुठे घडले नसेल. थोरले चिरंजीव शंतनुराव १९२२ साली अमेरिकेला, मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयात शिकायला गेले आणि १९२६ साली परतले. हळूहळू कारभार त्यांच्याकडे आला. उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे आणि पाण्याचे पंप बनू लागले. १९४१ साली हरिहरला, १९४६ साली पुण्यात आणि बंगळूरला नवे कारखाने निघाले.

पंपाविषयी येथे थोडे थांबले पाहिजे. मोटेने पाणी काढणारा शेतकरी दिवसभर बैलांमागे चालत असे. इंजिन आणि पंप आले, आणि तेच पाणी थोड्या वेळात वर येऊ लागले. आपल्या कितीतरी विहिरींवर किर्लोस्करांचे इंजिन धडधडत होते, त्या आवाजावरून रानात माणूस आहे हे कळायचे. त्या यंत्राने आपल्याला उभे केले यात शंका नाही. परंतु मोटेला एक मर्यादा होती, बैल दमत. पंप दमत नाही. विहीर आटली की बोअर, बोअर आटली की आणखी खोल बोअर, शेजाऱ्याच्या बोअरपेक्षा आपली पन्नास फूट खाली, असे आपण करत आलो. याचा दोष पंप बनवणाऱ्यावर टाकणे सोपे आहे, पण ते खरे नाही. कडबा वाया जाऊ नये म्हणून पहिले यंत्र बनवणाऱ्या माणसाचा वारसा आपण उलट्या बाजूने वापरला. आज टेंभू योजनेतून कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने पंपांनी उचलून आटपाडीच्या बाजूला येते. पिढ्यान्‌पिढ्या तहानलेल्या मुलखात पाणी आले याचा आनंद आहेच. ते पाणी कोण किती घेणार, शेवटच्या शेतापर्यंत पोहोचणार की वरच्या उसातच जिरणार, हा प्रश्न यंत्राच्या कारखान्यात सुटणारा नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली पृथ्वीच्या काळजीवर जे परिपत्रक लिहिले, त्यात स्वच्छ पाणी हा प्रत्येक माणसाचा मूलभूत हक्क म्हटला आहे. हक्क म्हटला की शेजाऱ्याचाही आला.

लक्ष्मणरावांच्या म्हातारपणी एक वाईट प्रसंग आला. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. मारेकरी ब्राह्मण होता म्हणून दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरे आणि मालमत्ता जाळण्याची लाट उसळली. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यालाही आग लावण्यात आली. ज्या गावात जातीचा विटाळ पाळायला बंदी होती, त्या गावाला मालकाच्या जातीसाठी जाळण्यात आले. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. अडतीस वर्षांपूर्वी निवडुंग तोडून उभे केलेले सारे काळे पडले होते. एवढ्यावर कोणी पाठ फिरवली असती तरी त्याला नाव ठेवता आले नसते. कारखाना तेथेच, त्याच माळावर पुन्हा उभा करण्यात आला. आजही तो चालू आहे आणि तेथे पंप बनतात.

त्याच वर्षी औंध संस्थानही विलीन झाले. बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९५१ साली वारले. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे निधन २६ सप्टेंबर १९५६ रोजी झाले. त्यांच्या जन्मशताब्दीला, १९६९ साली, भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. पुणे-मिरज रेल्वेने जाताना ज्या स्टेशनावर 'किर्लोस्करवाडी' अशी पाटी दिसते, तेच जुने कुंडलरोड स्टेशन. आता ते सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात येते.